तळहाताचा खळगा

आधीच माफी मागतो. आईच्या अंगाबद्दल मुलानं लिहावं का, हा प्रश्न हे लिहायला बसल्यापासून मला सतावतो आहे. मी डॉक्टर नाही. मालीश शिकवणाऱ्या मॅडमसारखा त्यातला जाणकारही नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मला चांगलं लिहिता येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण लातूरच्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या, एक हात पदराखाली झाकून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "लेकरा, ह्यो हात कमी होतो का रं खरंच?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून जेवढं मला कळलं तेवढं लिहितो. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिही की. पर माझं नाव नको घालू." मग मी कुणाचंच नाव घालायचं नाही असं ठरवलं.

देवणीत आमचं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. घरात आम्ही तिघंच. आम्ही लिंगायत. वडिलांना मी अप्पा म्हणतो आणि आईला अव्वा, पण इथं आईच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला आजी वाटायची.

आईच्या डाव्या बाजूला छातीत गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं. गाठीबरोबर काखेतल्या ग्रंथीही काढल्या. मग औषधं, केस जाणं, मग किरणांचे उपचार, ज्यांना दवाखान्यात सगळेच 'लाईट' म्हणतात. हे सगळं तिनं फार न बोलता काढलं. केस परत आले तेव्हा ती दुकानात बसून गिऱ्हाइकांशी हसायला लागली होती. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग एका सणाला बांगड्या भरताना डाव्या हातात नेहमीच्या मापाची बांगडी चढेना. उजव्या हातात गेली, डाव्यात अडकली. बांगडीवाल्या काकू म्हणाल्या, "वजन वाढलंय की तुमचं." आई खूश झाली. आजारी माणसाचं वजन वाढणं म्हणजे चांगलंच. पण वजन एकाच हाताचं वाढत होतं. काही आठवड्यांत मनगटाचं हाड दिसेनासं झालं. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो कितीतरी वेळ तसाच राहायचा.

आमच्या शेजारच्या काकू बाळंतिणींना आणि लहान लेकरांना मालीश करतात. त्यांच्या हाताखालून अर्धी गल्ली गेली आहे, मी पण. त्यांनी हात बघितला आणि म्हणाल्या, "शीर आकडलीय. रगडल्याशिवाय मोकळी होत न्हाई." रोज दुपारी त्या कोमट तेल घेऊन यायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी मनगटापासून खांद्यापर्यंत जोर लावून रगडायच्या, वरून तव्यावर तापवलेल्या मिठाचा शेक द्यायच्या. आई दात खाऊन सोसायची. दुखतंय म्हणजे गुण येतोय, असंच आम्ही सगळे समजत होतो. मायेनं करत होत्या त्या, एक पैसा घेतला नाही. पण एका सकाळी हात लालभडक, कढत, आणि आईला हुडहुडी भरून ताप. अप्पांनी शटर ओढलं आणि जीप करून तिला लातूरला नेलं.

मी नांदेडहून थेट लातूरला पोचलो. डॉक्टरांनी सांगितलं की हातात जंतूंचा संसर्ग झालाय. औषधानं तो बरा होईल, पण ही सूज वेगळी आहे, ती औषधानं जाणार नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे हातातलं लसिकेचं पाणी वर जायला वाट राहिली नाही. अशा हाताला कधीच रगडायचं नाही, शेकायचं नाही, त्यात सुई टोचायची नाही. ताप उतरला की एका मॅडमकडं जा, त्या विशेष मालीश करतात. डॉक्टरांनी त्या मालीशीचं इंग्रजी नाव सांगितलं. मी ते मोबाईलवर टाकून घेतलं.

लसिका मी बारावीत वाचली होती, परीक्षेपुरती. आईच्या हातात ती साचलेली असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

नांदेडला खोलीवर परतल्यावर ते नाव मोबाईलमध्ये शोधलं. निघाले ते सगळे चेहऱ्याचे व्हिडिओ. गोऱ्यापान बायका एक गुळगुळीत दगड गालावरून कानाकडं फिरवत होत्या आणि चेहरा बारीक होतो म्हणून सांगत होत्या. माझा रूममेट, भोकरचा, खांद्यावरून डोकावला.

"काय रे, सोयरीक आली का? गालफडं बसवून राहिलास ते?"

"आईसाठी बघतोय."

"काकूंला चेहरा बारीक करायचाय?" तो हसला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या रात्रीचं जेवण त्यानंच बनवलं.

मॅडमची खोली लातूरच्या त्या दवाखान्यातच, मागच्या बाजूला होती. खोलीत एक पलंग, पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या आणि एक टेप. मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी आधी दोन्ही हात मोजले, मग आईला विचारलं, "काकू, गल्लीतल्या नालीचं तोंड बुजलं, आणि तुम्ही मागून झाडूनं पाणी लोटलं, तर पाणी कुठं जाईल?"

"घरात शिरंल की."

"मग? आधी कुठं मोकळं करायचं?"

"पुढं."

"तेवढंच आहे हे."

आणि मॅडमनी सुरुवातीला सुजलेल्या हाताला हातच लावला नाही. आधी आईला पोट फुगवून खोल श्वास घ्यायला लावला. मग गळ्याच्या दोन्ही बाजूंना, हासळीच्या हाडावरच्या खोलगट जागी, बोटं ठेवून कातडी हलकेच ओढून सोडली. मग चांगल्या बाजूच्या, म्हणजे उजव्या काखेत. मग छातीवरून डावीकडचं पाणी उजवीकडं सरकवायचं, मग डाव्या कुशीतून खाली जांघेकडं. हे झाल्यावर दंड, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी तळहात आणि बोटं. आणि प्रत्येक ठिकाणी ओढ वरच्याच दिशेला. तेल नाही. जोर तर नाहीच. आई मला हळूच म्हणाली, "सुरू कवा करनार हायत ह्या?"

मॅडमनी ऐकलं. हसल्या आणि मला म्हणाल्या, "डोळा मीट. पापणीवर बोट ठेव आणि डोळ्याला न दाबता नुसती पापणी हलव. कळलं किती जोर लागतो? लसिकेच्या नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात. जोर दिला की त्या मिटतात."

त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की ही मालीश म्हणजे रोगाचा इलाज नाही. हात पहिल्यासारखा होईल असं त्या कुणालाच सांगत नाहीत. पाणी सरकवलं तरी ते परत येतं, म्हणून मालीश झाली की लगेच बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्या बांधायच्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी मालीशीच्या वेळेपर्यंत ठेवायच्या. ताप असेल, हात लाल असेल, रक्ताची गाठ असेल, हृदयाचा त्रास असेल, तर मालीश अजिबात करायची नाही. "आणि घरी रोज करणारं कोण आहे?"

मला बहीण नाही. आत्या नाही, काकू नाही. अप्पा म्हणाले, "मी करतो." मॅडमनी त्यांना आईच्या पाठीवर करून बघायला सांगितलं.

"अवो," आई ओरडली, "गूळ फोडूलालाव का काय?"

उरलो मी. आईनं मान फिरवली. "पोरगा? न्हाई, न्हाई. पोरानं काखंत, छातीला हात लावायचा? लोक काय म्हनतील?"

"लोक येणार आहेत का बघायला?" मॅडम म्हणाल्या.

आई रडायला लागली. ऑपरेशनला ती रडली नव्हती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथून निघून जावं असं वाटत होतं, हे खरं आहे. बऱ्याच वेळानं अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "ये आत. चादर घेती म्हनली." चादरीखालून, न बघता, मॅडमनी धरलेल्या माझ्या हातानं मी पहिल्यांदा आईच्या काखेतला ऑपरेशनचा वण शोधला. दोरीसारखा लागला. आईनं डोळे घट्ट मिटले होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

दिवाळीची सुट्टी लागली होती. मी रोज घरी मालीश करायला लागलो. सकाळच्या गिऱ्हाइकीची गडबड ओसरली की आई मागच्या खोलीत आडवी व्हायची. मी दार लावायचो. सुरुवातीचे काही दिवस आम्ही एक शब्द बोलत नव्हतो. मग हळूहळू ती बोलायला लागली: तिच्या माहेरचं, मी लहानपणी कसा होतो त्याचं. मालीश झाली की मी बोटं एकेक करून गुंडाळायचो, मग तळहात, मग मनगटावर फोम, मग वर. दर आठवड्याला लातूरला जाऊन मॅडमना दाखवायचो. दंड उतरला. कोपराचं हाड दिसायला लागलं. परतीच्या बसमध्ये आई उजव्या हातानं ते हाड चाचपत बसायची.

पण तळहात उतरेना. उलट फुगायला लागला. बोटं केळ्यासारखी झाली. मी पट्टी सोडायचो तेव्हा बोटांवरची नेहमी सैल झालेली असायची. मला वाटायचं रात्रीतून सुटत असेल, माझंच बांधणं कच्चं आहे. मी व्हिडिओ बघून परत परत सराव केला, स्वतःच्या पायावर, अप्पांच्या हातावर. तरी तेच.

मॅडमना विचारलं तर त्यांनाही कळेना. त्यांनी आईला विचारलं, "काकू, पट्टी मध्ये काढत नाही ना? पाण्यात हात घालत नाही ना?"

"न्हाई," आई म्हणाली.

मग मॅडमनी काख तपासली. तपासता तपासता त्यांची बोटं एका जागी थांबली. परत तिथंच आली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी हात काढून घेतला, धुतला आणि मला म्हणाल्या, "मालीश बंद. इथं काहीतरी कडक लागतंय. मागच्या वेळी नव्हतं. आधी सर्जनला दाखवा. हात उतरत नाही याचं कारण ते असू शकतं. नसूही शकतं. कळेपर्यंत मालीश करायची नाही, नुसत्या पट्ट्या ठेवा."

सर्जननी सुई टाकून नमुना घेतला. आठवड्यानं या म्हणाले.

त्या आठवड्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. अप्पा दुकानात बसून साखर जोखायचे आणि मापात चुकायचे. गिऱ्हाईकच म्हणायचं, "अप्पा, जास्त झाली की." आई स्वयंपाक करायची, कुणी जेवायचं नाही, मग ती चिडायची. आणि माझ्या हाताला काही काम नव्हतं. सकाळची ती वेळ झाली की मी मागच्या खोलीत जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. गाठ कुठं आहे हे मला आता माहीत होतं. मीच रोज त्या जागेवरून हात फिरवत होतो आणि मला ती लागली नव्हती. मॅडमनी सांगितलं होतं की मालीशीमुळे गाठ होत नाही. मी ते स्वतःला सांगायचो आणि थोड्या वेळानं परत तीच भीती.

आठवड्यानं गेलो. नमुना पुरेसा नव्हता. परत सुई टाकली. परत थांबा.

सुट्टी संपत आली होती. एक दिवस पहाटेच मला जाग आली. मी एरवी माळवदावर झोपतो आणि उशिरा उठतो. पाणी प्यायला खाली आलो तर देवाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत दिवा होता. आई पाटावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. आंघोळ झालेली, कपाळाला विभूती. समोर पट्टीची गुंडाळी पडलेली. मनगटापासून वर सगळं बांधलेलं तसंच होतं, आणि त्याच्या खाली तळहात आणि बोटं उघडी.

आमच्यात गळ्यातलं लिंग, म्हणजे इष्टलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. मला हे लहानपणापासून माहीत आहे. माझ्याही गळ्यात लिंग आहे, मात्र नांदेडला गेल्यापासून पूजा रोज होतेच असं नाही. पट्ट्या बांधल्यापासून आई म्हणत होती की ती मनातल्या मनातच करते. मी ते मान्य केलं होतं.

ती लिंग तळहातावर ठेवायचा प्रयत्न करत होती. तळहात मधून इतका भरला होता की लिंग ठरत नव्हतं. घसरून अंगठ्याकडं यायचं. ती उजव्या हातानं ते परत मध्ये ठेवायची आणि बाजूनं बोटांचा आडोसा करायची. पाणी घातलं की ते परत सरकायचं. मी श्वास रोखून उभा राहिलो, कारण मी आवाज केला असता तर लिंग खाली पडलं असतं, आणि आमच्यात त्याहून वाईट काही नाही.

पूजा झाली. तिनं लिंग गळ्यात बांधलं, पट्टीचं टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं बोटांवरून तळहातावरून कशीतरी गुंडाळून घेतली. मग वळली.

"अव्वा, हे रोज?"

ती दचकली. मग रागावली. "मग काय करू? बिनपूजेचं पानी पिऊ?"

"मॅडमला तू नाही म्हणालीस."

"त्यांला काय सांगू? त्या पट्टी काढू देनार हायत का?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. मनगटाच्या वर पट्टी आवळलेली आणि खाली हात मोकळा, म्हणजे पाणी उतरून तळहातातच साचणार. म्हणजे तळहात फुगायचं कारण हे होतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी हसलोच. मग गाठ आठवली. गाठीचा पट्टीशी काही संबंध नव्हता.

अप्पांनी ऐकून घेतलं आणि आईला मठात घेऊन गेले. मीही गेलो. मठातले स्वामी म्हातारे आहेत, ऐकायला कमी येतं, अप्पांना सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. स्वामी म्हणाले, "आजारी मानसाला सूट हाय, अक्का. उजव्या हातावर घे. न्हाईतर नुस्तं बघून नमस्कार कर. कायबी बिघडत न्हाई."

आई पाया पडली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "झालं ना आता? परवानगी मिळाली."

"ते मोठे हायत. त्यांला सोपं हाय."

"अव्वा, स्वामींनीच सांगितलं."

ती रस्त्यात थांबली. आवाज न चढवता, पण अप्पांनाही ऐकू जाईल असं बोलली. "त्या गाठीचं काय निघायचं ते निघू दे. म्या मेल्यावर मला बसवून माती देताल. तवा लिंग कोन्या हातावर ठेवताल? ह्याच की न्हाई? मग त्यावर ते ठरायला पायजे. जित्तेपनी ठरंना, तर मेल्यावर कसं ठरंल?"

अप्पा पुढं चालायला लागले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की ते रडत आहेत. मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की आम्ही तिघं तीन वेगळ्या गोष्टींना भीत होतो. मी गाठीला, अप्पा घर रिकामं होण्याला, आणि ती त्या हातावरून लिंग पडण्याला.

मी मॅडमना फोन केला. घाबरत, कारण आईनं त्यांना खोटं सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "पूजेला किती वेळ लागतो?"

"फार नाही. अर्धा तास धरा."

"अरे मग मला सांगायचं ना! पट्टी रोज एकदा निघतेच की. ती तुम्ही साडेदहाला काढता, ती पहाटे काढा. सगळी काढा, नुसती बोटांची नाही. आंघोळ होऊ दे, पूजा होऊ दे, आणि मग लगेच बोटांपासून नीट बांधा. मालीश परत सुरू करता आली तर ती पण पूजेच्या आधी करू, तळहात तेव्हा सगळ्यात हलका असेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी पण विचारायला पाहिजे होतं. पाण्याचं विचारलं, देवाचं नाही विचारलं."

परत सुरू करता आली तर. ते वाक्य मी घरी सांगितलं नाही.

आता पहाटे बांधायला कुणीतरी हवं होतं, आणि मला परवा निघायचं होतं. अप्पा पुढं आले. मालीशीला त्यांचा हात जड, पण बांधायला बसले ते मांडी घालून, चष्मा लावून. मी दाखवलं, बोटांना दाब जास्त, वर जाताना कमी कमी. त्यांनी एकेक बोट असं टोकाला चिमटा देऊन गुंडाळलं की आई म्हणाली, "अवो, तिखटाची पुडी बांधूलालाव का? वर दोरा पन लावा आता."

"गप बस. हालू नको."

"बायकूचा हात हाय त्यो, उधारीच्या गिऱ्हाइकाचा न्हाई."

पुष्कळ दिवसांनी घरात कुणीतरी हसलं. अप्पांनी सोडून परत बांधलं. बोटांची नखं गुलाबी राहिली पाहिजेत, काळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सोडायचं, हे मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. निघताना आईनं मला उजव्या हातानं डबा दिला. डावा हात तिनं उंच धरला होता, मॅडमनी सांगितल्यासारखा.

नांदेडला आमच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या होत्या. मी रोज सकाळी घरी फोन करायचो. अप्पा म्हणायचे, "बांधलं." मी विचारायचो, "तळहात?" ते म्हणायचे, "हाय तसाच," आणि मग, "जरा मऊ लागूलालाय, का मलाच वाटतंय." गाठीचं कुणी काढायचं नाही. रिपोर्ट येणार त्या दिवशी सुट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गावाला गेले होते. माझी अभ्यासावर नजर ठरत नव्हती. पुस्तक उघडलं की मी मोबाईलवर गाठ परत येण्याची लक्षणं वाचत बसायचो, आणि प्रत्येक लक्षण आईत दिसायचं. रूममेटनं शेवटी मोबाईल काढून घेतला. "डॉक्टर झाल्यावर वाच," म्हणाला. "आता ब्युरेट धर."

आई आणि अप्पा लातूरला गेले त्या दिवशी माझी रसायनशास्त्राची परीक्षा होती. फोन वर्गाबाहेर बॅगेत होता. ब्युरेटमधून थेंबाऐवजी धारच सुटली, रंग एकदम गडद झाला, परत करावं लागलं. सुटल्यावर फोन पाहिला. कुणाचा फोन नव्हता. मी लावला तर अप्पांचा बंद. आईला लावला, वाजत राहिला. मॅडमना लावला, त्यांनी उचलला नाही. चांगली बातमी असती तर त्यांनी उचलला असता, असं मला वाटलं. मी सिटीबसनं नदीकडं गेलो आणि घाटावर बसलो, कारण खोलीवर जाऊन कुणाशी बोलायची हिंमत नव्हती. गुरुद्वाऱ्याकडून परतणारी माणसं रुमाल डोक्यावरून काढत, मुलांना हाताशी धरून जात होती. त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी रिपोर्ट येणार नाही, असं मला वाटत होतं. हे काही खरं नसणार.

दिवस मावळायच्या बेताला फोन वाजला. अनोळखी नंबर. मागं बसस्टँडची घोषणा चालू होती.

"मी बोलूलालो," अप्पा म्हणाले. "माझा फोन बंद पडला. ह्ये एका पोराचा घेतलाय."

"काय म्हणाले?"

"जेवलास का?"

वाईट सांगायच्या आधी ते नेहमी हेच विचारतात. आजोबा गेले तेव्हाही विचारलं होतं.

"अप्पा, सांगा."

"पेपर कसा गेला?"

"अप्पा!"

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागं आईचा आवाज, "द्या हिकडं, तुमच्यानं व्हायचं न्हाई." फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. पण परत अप्पाच बोलले. आवाज फाटलेला.

"न्हाई म्हनले. त्यो रोग न्हाई. ऑपरेशनच्या जागची जुनीच चरबी घट्ट झालीय म्हनले, लाईटनं. त्याला काय करायचं न्हाई म्हनले. हात जन्मभर बांधावा लागंल. पर रोग न्हाई."

मी म्हणालो, "परत सांगा."

अप्पांनी परत सांगितलं.